गळ्याखालची पिशवी आणि मानमोडी

आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडलात पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा, पण अंगणातलं बोलणं दोन्ही काठांवर मराठीच. पुस महिन्यात इथल्या घरांत ओसरीपासून माजघरापर्यंत कापूस भरलेला असतो, भाव चढायची वाट बघत. त्या कापसावरून, पोत्यांवरून, सांडलेल्या ज्वारीवरून कोंबड्या दिवसभर हुंदडतात. अशाच एका घरी एका काळ्या कोंबडीवरून आत्या आणि भाचा यांची जुंपली. आत्यांची हयात कोंबड्या पाळण्यात गेली. भाच्यानं पशुवैद्यकीय पदविका घेतली आहे, नुकताच हैदराबादेहून परतला आहे. मी चहाला म्हणून गेलो होतो. आत्यांची बोली वऱ्हाडी आणि तेलुगूच्या मिसळीची; जशीच्या तशी उतरवली तर पुण्या-मुंबईच्या वाचकाची दमछाक होईल, म्हणून थोडी सरळ केली आहे. वाद सरळ केलेला नाही.

आत्या : सर्दी झाली हिला. कालपासून चोच वासून बसली आहे, घशात घरघर आहे. हळद-लसणाची गोळी चारली, चमचाभर गोडतेल पाजलं. उद्यापर्यंत उठते बघ.

भाचा : तेल पाजलंस कसं?

आत्या : कसं म्हणजे? मान मागं केली, चोच फाकवली, ओतलं.

भाचा : मग थोडी घरघर तुझ्या तेलाची पण असेल. जीभ संपते तिथंच श्वासनळीचं तोंड असतं, आत्या. चोच फाकवून मधोमध ओतलं की अर्धं तेल छातीत उतरतं. द्यायचंच असेल तर बिनसुईची सिरिंज घ्यायची, चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडायचा आणि तिला गिळू द्यायचं.

आत्या : आमची लेकरं अशीच पाजून मोठी झाली, बापा.

भाचा : लेकरू ठसका देऊन बाहेर टाकतं. कोंबडीला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, तिच्या ठसक्यात तेवढा जोर नाही. आणि धरताना छाती आवळू नको. छाती हलली नाही तर तिचा श्वासच चालत नाही. पंख धर, पाय धर, छाती मोकळी सोड.

एवढं बोलून त्यानं कोंबडी मांडीवर घेतली. मला वाटलं आता नाक बघेल, डोळे बघेल. त्यानं आधी बोटं घातली ती गळ्याच्या खाली, छातीच्या वर, जराशी उजव्या अंगाला. तिथं कोंबडीची खाणं साठवायची पिशवी असते. पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. दाणा आधी या पिशवीत उतरतो, तिथं भिजतो, मग पुढं पेट्यात जाऊन खड्यांबरोबर दळला जातो. कलेजी-पेटा म्हणून आपण खातो तोच हा पेटा.

भाचा : सकाळपासून हिला दाणे टाकलेस?

आत्या : नाही. खुराडं आत्ताच उघडलं. रात्रभर कोंडलेलीच होती.

भाचा : मग ही पिशवी रिकामी पाहिजे होती. हात लाव. मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा असावा तशी लागते की नाही?

आत्या : पिशवी मला नको शिकवू. रोज संध्याकाळी खुराड्यात टाकताना मी चाचपून बघते. जिची रिकामी ती उपाशी, जिची भरली ती खाऊन आली.

भाचा : संध्याकाळी भरलेली असणं चांगलंच. पण सकाळी पण भरलेलीच असेल, तर काल खाल्लेलं पुढं सरकलेलं नाही. संध्याकाळी बघतेस तशी पहाटे पण बघ. दोन वेळा हात लावल्याशिवाय हा रोग कळत नाही.

हे मला पटलं. आत्यांचा हात चुकीचा नव्हता, वेळ अर्धीच होती. काळ्या कोंबडीला सर्दी नव्हतीच. नाकपुड्या कोरड्या, डोळे स्वच्छ, तोंड सुजलेलं नाही. तटतटलेली पिशवी दाबते म्हणून तिला मान ताणून श्वास घ्यावा लागत होता, आणि वर तेलाचा उपचार झाला होता.

आत्या : मग यावर इलाज काय? माझी सासू ब्लेडनं चिरून आतलं काढायची. सुई-दोऱ्यानं टाके घालायची. दोन जगल्या, दोन मेल्या.

भाचा : टाके कसे घालायची?

आत्या : कातडी अन् पिशवी एकत्र धरून. गोणपाट शिवतात तसं.

भाचा : तिथंच घात. पिशवी वेगळी शिवायची, कातडी वेगळी शिवायची. एकत्र शिवली की आतलं पाणी कातडीखाली झिरपतं आणि सडतं. पण चिरायची घाई नको. आज दिवसभर दाणा बंद, पाणी ठेव. तेल देऊ, पण माझ्या पद्धतीनं. आणि दिवसातून तीन-चारदा हलक्या हातानं गोळा चोळून मोकळा करू. चोळताना तिला आडवी-उलटी करायची नाही.

आत्या : उलटी केल्याशिवाय बाहेर कसं येईल? मागल्या बाजाराला आणलेली लाल तलंग आठवते? तिची पिशवी अशीच फुगली होती, नुसती पाण्यानं. उचलली की चोचीतून आंबूस पाणी गळायचं. मी पाय धरून उलटी केली, सगळं पाणी काढलं. तिथंच मान टाकली तिनं.

भाचा : पाणी श्वासनळीत गेलं असणार. थांब, आंबूस पाणी म्हणालीस. त्याआधी काही औषध दिलं होतंस?

आत्या : मेडिकलमधून कॅप्सूल आणली होती, सर्दीची म्हणून. उघडून पाण्यात टाकली.

भाचा : म्हणजे प्रतिजैविक. पिशवीत एरवी बुरशी थोडी असतेच, चांगले जंतू तिला दाबून ठेवतात. प्रतिजैविक दिलं की ते जंतू मरतात आणि बुरशी माजते. पिशवी फुग्यासारखी मऊ होते, तोंडाला आंबूस वास येतो. त्याला बुरशीवरचं वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरकडून. पण मला तुझ्या तलंगेबद्दल दुसरंच वाटतं आहे. शीट कसली होती तिची?

आत्या : हिरवी. पातळ, हिरवीगार.

भाचा : मान?

आत्या : शेवटच्या दिवशी वाकडी करायची. गोल फिरवायची.

भाचा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'आत्या, ती मानमोडी होती.'

गोष्ट इथं फिरली. काळ्या कोंबडीचा आजार श्वासाचा वाटला आणि निघाला पिशवीचा. लाल तलंगेचा पिशवीचा वाटला, आणि होता तो राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. या रोगात कोंबडी आ वासून श्वास घेते, पिशवीत पाणी आणि वायू भरतो, शीट हिरवी होते, पंख आणि पाय लुळे पडतात, मान पिळवटते. सगळी लक्षणं एकाच पक्ष्यात दिसतील असं नाही. काही कोंबड्या काहीच न दाखवता सकाळी खुराड्यात मेलेल्या सापडतात. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला हा रोग ओळखला गेला, आणि लगेचच कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. जगात न्यूकॅसल आणि आपल्याकडे राणीखेत ही नावं तिथूनच आली. विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही.

आत्या : औषध नाही म्हणतोस, मग दोन वर्षांमागं मर आली तेव्हा निम्म्या कशा वाचल्या? त्यांना मी अडुळसा अन् मिरी दिली होती.

भाचा : निम्म्या वाचल्या याचा अर्थ तो रोग कदाचित मानमोडी नव्हताच. लस नसलेल्या कळपात मानमोडी शिरली की जवळजवळ सगळ्या जातात. तेव्हा तोंडं सुजली होती का? डोळ्यात फेस, नाकाला घाण वास?

आत्या : हाव. एक डोळा बंदच व्हायचा. वास असा, की जवळ घ्यावंसं वाटू नये.

भाचा : मग ती कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. जिवाणूंची असते. त्यात कोंबड्या कमी मरतात, अंडी बंद होतात, आणि डॉक्टरनं दिलेलं प्रतिजैविक लागू पडतं. तुझा अडुळसा वाईट नाही, पण वाचवलं कुणी हे अडुळशाला विचारून कळणार नाही.

इथं मला आत्यांची बाजू घ्यावीशी वाटते. गावठी औषधांना हसणं सोपं आहे. पुणे आणि हैदराबाद इथून काम करणाऱ्या 'ॲन्थ्रा' या संस्थेच्या नित्या घोटगे आणि सागरी रामदास या दोघी स्वतः पशुवैद्य. त्यांनी पशुपालकांचं, विशेषतः बायकांचं हे ज्ञान वर्षानुवर्षं गोळा केलं, पारखलं. काही उपाय टिकले, काही नाही. पारखणं महत्त्वाचं. आत्यांच्या हाताला जे कळतं ते पदविकेत शिकवत नाहीत, हेही खरं. थोड्याच वेळात त्याचा दाखला मिळाला.

भाचा : श्वासाचा रोग ओळखायचा तर रात्री अंधारात खुराड्याजवळ बस. कोंबड्या शांत असतात, कान लाव. ओली खरखर ऐकू आली तर रोग. नुसती चोच उघडी आणि आवाज नाही, असं मे महिन्यात दुपारी दिसलं तर ती उन्हाची तलखी; सावली अन् थंड पाणी दे.

आत्या : अन् जून महिन्यात?

भाचा : जूनमध्ये काय?

आत्या : पेरणीच्या वेळी. सरकी टोबताना पाकिटातलं गुलाबी-निळं बी खाली सांडतं. कोंबडी ते टिपते. अर्ध्या तासात लाळ गळते, धापा टाकते, पाय थरथरतात अन् लोळते. त्याला तू रात्री कान लावून बसशील काय?

भाच्याला हे सुचलं नव्हतं. बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं, रंग त्यासाठीच देतात. फवारणीच्या दिवसांत तर शेतातल्या डबक्याचं पाणीही विषारी. 2017 च्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथं कोंबड्यांचा हिशेब कोण ठेवणार? कापसाच्या मुलखात धापा टाकणारी कोंबडी दिसली की आधी शेतात काय चाललंय ते विचारावं, हा धडा आत्यांचा.

तिथून भाचा उठला आणि खुराड्यापाशी उकिडवा बसला. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सगळ्यात कडक, म्हणून आत्यांनी खुराडं पोत्यांनी चारही बाजूंनी बंद केलं होतं. त्यानं कोंबडी बसते त्या उंचीला तोंड नेलं.

भाचा : माझे डोळे चुरचुरायला लागले. शिटेचा वायू आत कोंडला आहे. उभ्यानं वास येत नाही, खाली बसल्यावर कळतं. असल्या हवेत रात्रभर राहिली की श्वासनळी सोलवटते, मग कुठलाही रोग सहज धरतो. वरची दोन बोटं फट मोकळी ठेव. खालचं भुसकट बदल. आणि ते भुसकट बुरशीचं नको, बुरशी फुप्फुसात वाढते.

आत्या : हे कर, ते नको. बरं, मानमोडीचं बोल. शेजारीण म्हणत होती तिच्याकडं काल तीन मेल्या. मी म्हणते, माझ्या चौदा आहेत, उद्याच्या बाजारात विकून टाकते. मरण्यापेक्षा पैसे झालेले बरे.

भाचा : लाल तलंग बाजारात स्वस्त का मिळाली होती तुला?

आत्या : शंभर रुपये कमी घेतले होते बाईनं.

भाचा : तिनं पण हाच विचार केला होता.

आत्या : मंग? तिनं काय चूक केलं? तुझं सरकार मेलेल्या कोंबडीचे पैसे देणार आहे काय? चौदा कोंबड्या म्हणजे माझ्या हातातला पैसा आहे, बाबू. कापसाचा पैसा तुझ्या मामाच्या हातात जातो. पोरीला बांगड्या, दवाखान्याचं भाडं, पाहुण्याला रस्सा, सगळं या अंगणातून निघतं.

भाचा : विकू नको असं म्हणायला मला सोपं आहे, ते कळतं मला. पण आजारी कळपातली कोंबडी बाजारात गेली की दहा गावांत जाते. निदान एक कर. ज्या धडधाकट आहेत त्या घरी खा. शिजवल्यावर विषाणू टिकत नाही. पण पिसं अन् आतडी उकिरड्यावर टाकू नको. बाकीच्या कोंबड्या तीच चोचतात. खड्ड्यात पुर, वर चुना टाक. मेलेली नाल्यात फेकू नको. आणि हात साबणानं धू, हा विषाणू माणसाच्या डोळ्यांना पण लाल करतो. नवी कोंबडी आणलीस तर दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला डालग्याखाली ठेव.

आत्या : अन् तुझा तो बर्ड फ्लू असला तर?

भाचा : खूप कोंबड्या एकदम मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर हात लावायचा नाही, दवाखान्याला कळवायचं.

आत्या : कळवलं की येऊन सगळ्याच मारतात. परभणीकडं मारल्या होत्या, टीव्हीवर बघितलं.

भाचा : मुरुंब्याला, 2021 च्या जानेवारीत. त्याआधी 2006 मध्ये नवापूरला. मारतात हे खरं. पण मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशिरा कळवणाऱ्याचंच जास्त नुकसान.

आत्या यावर गप्प बसल्या, पण पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. भाच्यानं खिशातून एक कागद काढला. लसीकरणाचं पत्रक, तेलुगूत. आत्यांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. त्यानं वाचून सांगितलं : पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं टोचण. ही दुसरी लस मुक्तेश्वरच्या संस्थेत 1940 च्या दशकात तयार झाली, म्हणजे आत्यांपेक्षाही जुनी. लहान पिल्लाला ती देऊ नये, झेपत नाही. आजार शिरलेल्या कळपात लस टोचून उपयोग नसतो. दिल्यापासून अंगात बळ यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आत्या : दिली होती एकदा गावात. एप्रिलमध्ये. तरी मेल्या.

भाचा : बर्फात आणली होती?

आत्या : मोटारसायकलच्या डिक्कीत.

भाचा : मग त्यांनी कोमट पाणीच टोचलं म्हण.

'लस देऊनही मेल्या' ही तक्रार या भागात वारंवार ऐकू येते आणि तिला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. लस जिवंत असते, उन्हात मरते. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या मुलखात एकदा मेलेली लस टोचली की पुढची दहा वर्षं लोक लसीवर विश्वास ठेवत नाहीत. उष्णता जास्त सोसणाऱ्या लसीही निघाल्या आहेत, त्या आधी अशाच गावांना मिळायला हव्यात.

आत्या : बरं, बर्फात आणली. बाटली केवढ्याची असते?

भाचा : शंभर कोंबड्यांची. त्याहून लहान सहसा मिळत नाही.

आत्या : माझ्या चौदा. उरलेल्या शहाऐंशीचं काय करू? लोणचं घालू?

मला वाटतं साऱ्या वादातला हा सगळ्यात नेमका प्रश्न. हळद की लस, आजी की डॉक्टर, यावर कितीही भांडा. बाटली शंभरची आहे आणि अंगण चौदाचं आहे. शेडमध्ये पाच हजार पक्षी ठेवणाऱ्यासाठी ती बाटली बेतलेली आहे. राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसबागेसाठी वनराजा, ग्रामप्रिया अशा जाती काढल्या, त्या गावोगाव गेल्या. लसीची बाटली मात्र शेडच्याच मापाची राहिली.

भाचा : बाटली फोडून मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उद्यावर ठेवता येत नाही. म्हणजे सात घरं पाहिजेत, एकाच सकाळी, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आधी.

आत्या : सात घरांच्या बायका मी आणते. पण तू यायचं, बर्फ घेऊन. अन् शेजारणीचं सांगू नको कुणाला, तिचा बाजार मोडेल.

भाचा : शेजारणीच्या घरी लस नाही द्यायची. तिच्याकडं रोग शिरला आहे. तिच्याकडून आलेल्या माणसानं चप्पल पण बाहेर काढायची.

आत्या : हे तिला तूच सांग.

त्यानं सांगितलं की नाही ते मला ठाऊक नाही. काळ्या कोंबडीचं सांगतो. चोळून गोळा थोडा मऊ झाला, पण तिसऱ्या पहाटेही पिशवी भरलेलीच. मग तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून दोन बोटांएवढी चीर दिली. आतून निघालं ते असं : वाळल्या गवताच्या काड्या, पोत्याचे प्लास्टिकचे धागे, आणि या सगळ्याला गुंडाळलेली कापसाची लांब वात. पिशवीचे टाके वेगळे, कातडीचे वेगळे. पुढं चार दिवस तिला भिजवलेला भात दिला. डॉक्टरांनी अंगणाचं विचारलं. आत्यांनी मागच्या वर्षी अंगणात सिमेंट केलं आहे. कोंबडीला पेट्यात दळायला बारीक खडे लागतात, ते आता मिळत नव्हते. आत्या आता नदीची भरड रेती एका फुटक्या मडक्यात घालून ठेवतात.

वाचकांत कुणी या पट्ट्यातले असाल, बेला, जैनद, तलमडुगू, किंवा पैनगंगेपलीकडचे पांढरकवडा, झरी, वणीचे, तर एवढं करा. दिवाळीच्या आधी एकदा आणि ऊन तापायच्या आधी एकदा आपल्या आळीतली सात घरं मोजून ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात तारीख मागा. एकट्या घराला ती बहुधा मिळणार नाही. शंभर कोंबड्यांची यादी घेऊन गेलात, तर नाही म्हणायला डॉक्टरांकडेही कारण उरत नाही. बर्फ तुमचा घेऊन जा. बाटली बहुतेक ठिकाणी एका गावठी कोंबडीपेक्षा स्वस्तच पडते.